कॉफी रंगाचा डायनासोर

३ जुलै, गुरुवार

सई आली. रिक्षातून बॅगा उतरायच्या आधीच म्हणाली, "आई, बंगळुरूहून ऑगस्टअखेरपर्यंत रजा काढलीय. सिनेमा करतेय. डायनासोरचा. सोफा कुठे सरकवता येईल?"

मी म्हटलं, "आधी हात-पाय धू."

चहा घेताना तिने नीट सांगितलं. सायन्स फिक्शन आहे. पिशोर गावात विहीर खणताना एक अंडं सापडतं. त्यातून पिल्लू निघतं आणि एक म्हातारी शेतकरीण त्याला वाढवते. पुढे शास्त्रज्ञ त्याला न्यायला येतात. तेव्हा म्हातारी त्याला औताला जुंपते आणि म्हणते, हे आमच्या शेतात राबणारं जनावर आहे, याला हात लावायचा नाही. हाच शेवट. पुण्याच्या एका बालचित्रपट महोत्सवाला पाठवायचा विचार आहे.

मग कप खाली ठेवून म्हणाली, "हा पूर्ण नाही झाला ना, तर मी पुन्हा या वाटेला जाणार नाही. नोकरी करीन आणि गप्प बसेन."

दोन वर्षांपूर्वी हे गेले, तेव्हा ती एक सिनेमा अर्धा टाकून घरी आली होती. त्याबद्दल ती बोलत नाही आणि मी विचारत नाही. पण "गप्प बसेन" मला मुळीच आवडलं नाही. ही मुलगी बोलायला लागल्यापासून एकदाही गप्प बसलेली नाही.

सोफा बेडरूममध्ये गेला आहे. आता पलंगावर जायचं तर सोफा ओलांडावा लागतो.

७ जुलै, सोमवार

जाहेदा आली. छावणीतल्या कॉन्व्हेंटमध्ये आम्ही पहिलीपासून एका बाकावर बसलो. अजूनही ती आली की मी नकळत थोडी सरकून बसते. शाळांचे युनिफॉर्म शिवायचा तिचा धंदा आहे, त्यामुळे डायनासोरची कातडी तिच्याच मशीनवर होणार. म्हातारी शेतकरीणही तीच. सईने विचारलं तेव्हा आधी नाही म्हणाली, मग डोक्यावर पदर घेऊन आरशात पाहून आली.

"मरना तो नहीं है ना आखिर में?"

"नाही मावशी."

"फिर ठीक है. मरायचं काम मला जमत नाही, हसू येतं."

शाळेच्या नाटकात ती नेहमी देवदूत असायची आणि मी नेहमी झाड. सिस्टर अॅग्नेस नाटक संपलं की पडदा ओढणाऱ्या मुलीलासुद्धा थँक यू म्हणायला लावायची, आणि तेही डोळ्यांत बघून. इकडेतिकडे बघत म्हटलं तर परत म्हणावं लागे. लग्नानंतर ती सवय गेली. घरात कोण कोणाला थँक यू म्हणतं? एकदा मी ह्यांना म्हटलं होतं, तर दचकून म्हणाले, "काय झालं?"

१२ जुलै, शनिवार

गुलमंडीत कापड आणायला गेलो. दुकानदाराने हिरव्या रंगाचे तागे पसरले, पोपटीपासून शेवाळीपर्यंत. सईने सगळे बाजूला सारले.

"कॉफी कलर आहे का? टेरिकॉटमध्ये. किंचित चमकणारा."

"ताई, तो सफारीचा कपडा. आता कोण घालतं?"

"डायनासोर."

तो हसत आत गेला आणि धूळ झटकत एक ठाण घेऊन आला. सई ते कापड हातात धरून बराच वेळ उभी होती. मी म्हटलं, "अगं, डायनासोर हिरवे असतात." ती म्हणाली, "त्यांचा रंग कोणालाच माहीत नाही, आई." असेलही. शिवाय या कापडाच्या टिकाऊपणाची मला खात्री आहे. पाटबंधारे खात्यात लागल्यापासून रिटायर होईपर्यंत हे याच रंगाचे सफारी घालत होते, एकही फाटला नाही. मी ते दुकानदाराला सांगितलंसुद्धा. सई तेवढ्यात दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली. आत फार उकडत होतं.

१९ जुलै, शनिवार

सईने पटकथा वाचून दाखवली. ऐकायला मी, जाहेदा आणि अमेय. अमेय कॅमेरामन आहे. एरवी लग्नं शूट करतो, त्यामुळे कोणी गंभीर झालं की "जरा हसा" म्हणायची त्याला सवय आहे.

पटकथा चांगली आहे, पण माझ्या काही शंका होत्या आणि त्या मी मांडल्या. डायनासोर सकाळी हौदावर जाऊन इतक्या मोठ्याने गुळण्या करतो की झाडावरचे कावळे उडतात. हे विज्ञानात बसतं का? एवढं धूड पालीला घाबरतं. वाढल्याशिवाय जेवत नाही, जेवताना घशातल्या घशात गुणगुणतं. आणि संध्याकाळी म्हातारीचं काम आटपेपर्यंत फाटकाशी नुसतं बसून राहतं. मी म्हटलं, "सई, जनावर असं कोणाची वाट बघत बसत नाही."

"कोण बसतं मग?"

जाहेदा माझ्याकडे बघत होती. मी विचारलं, "काय?" तर म्हणाली, "कुछ नहीं. चाय में अद्रक जास्त झालंय."

२७ जुलै, रविवार

सांगाडा तयार झाला. बांबूच्या कामट्या आणि गादीचा स्पंज, वर आमचं टेरिकॉट. उंची बैलापेक्षा थोडी जास्त. मान लांब, आणि मागचा भाग भाजीच्या जुन्या हातगाडीच्या चाकांवर. गवतात चाकं दिसणार नाहीत म्हणे. आत जाहेदाचा धाकटा मुनीब. तो जिममध्ये लोकांना व्यायाम शिकवतो, म्हणजे ताकदीचा प्रश्न नाही. प्रश्न चालीचा होता. तो पैलवानासारखा चालायला लागला.

"छाती नको काढूस," सई ओरडली. "हळू. उजवा पाय थोडा ओढत. दर थोड्या वेळाने थांबायचं आणि मान वळवून मागे बघायचं, मागचं माणूस येतंय ना म्हणून."

"आंटी," मुनीब आतून म्हणाला, "ये डायनासोर है के रिटायर आदमी?"

तासाभराने जमलं. गच्चीवर तो इकडून तिकडे चालत गेला आणि मला ती चाल फार ओळखीची वाटली. कुठल्या प्राण्याची ते काही केल्या आठवलं नाही. उंटाची असावी.

डोळ्यांना काच हवी होती. सईने ह्यांचा जुना चष्मा मागितला. मी दिला. कपाटात नुसता पडून राहण्यापेक्षा बरं. ह्यांच्या काचा जाड होत्या, त्यामुळे डोळे मोठे आणि थोडे चकित दिसतात.

४ ऑगस्ट, सोमवार

पिशोरला जाऊन आलो. बसने कन्नडपर्यंत, पुढे जीपने. डायनासोर छोट्या टेम्पोतून ताडपत्रीखाली. कन्नडच्या चौकात शेपूट बाहेर आलं आणि रहदारी थांबली.

शूटिंग गोजरबाईंच्या शेतात आहे. त्या माझ्याच वयाच्या, आवाज मात्र दुसऱ्या शिवारात ऐकू जाईल असा. नवरा बन्सी अगदी मवाळ, त्यांच्या मागे मान डोलावत चालणारा. गोजरबाईंनी जाहेदाला नऊवारीत पाहिलं आणि आधी तिचा काष्टा सोडून परत घातला.

"ही शेतकरीण व्हय? हिचं हात बघा. लोणी हाय नुसतं."

"लोणी नहीं ताई, चाळीस साल मशीन चलाई है," जाहेदा म्हणाली आणि तळहात पुढे केला. गोजरबाईंनी तो दाबून पाहिला. "बरं, चालंल."

विहिरीचा आणि फाटकाचा प्रसंग झाला. राहिला फक्त शेवट. म्हातारी डायनासोरला औताला जुंपते तो. पिकं उभी आहेत, पण गोजरबाईंनी एक वावर न पेरता पड ठेवलं आहे, तिथे औत धरता येईल. गणपतीपासून अमेयची मंडळांची कामं सुरू होतात, म्हणजे कॅमेरा त्याआधीच हवा. त्याने कॅलेंडर बघून बावीस तारीख काढली. त्या दिवशी पोळा. गावाला सुट्टी, माणसं मोकळी, बैल मोकळे. औताच्या मागे खरे बैलही दाखवता येतील. मला तर ही फार हुशारीची गोष्ट वाटली. आम्ही घरी दरवर्षी मातीचे बैल पुजतो, पण पोळ्याच्या सुट्टीचा असा उपयोग मला सुचला नसता.

११ ऑगस्ट, सोमवार

पाऊस. डायनासोर हॉलमध्ये वाळतो आहे, स्पंजाला कुबट वास येतो आहे. मान मध्येच मोडली. सई जमिनीवर बसून सुतळीने बांधत होती आणि एक शब्द बोलत नव्हती.

खरं लिहायचं तर मला दोन्ही हवं आहे. सिनेमा व्हावा असंही वाटतं, आणि तो होऊच नये, म्हणजे सोफा बेडरूममध्येच राहील आणि सईही, असंही वाटतं. मग लक्षात आलं की नाही झाला तर ती बंगळुरूलाच जाईल, गप्प बसायला. तेव्हा झालेलाच बरा. मी सुतळीचं दुसरं टोक धरलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार. पिशोर

आज गोजरबाईंकडे मुक्काम. संध्याकाळी अंगणात बैलांची खांदेमळणी होती. मी हे प्रथमच पाहिलं. बन्सीने बैलांना धुऊन आणलं. वर्षभर जू वाहून त्यांच्या खांद्यावर घट्टा पडतो, तिथे हळद आणि लोणी हलक्या हाताने चोळलं. मग पळसाच्या पानाने खांदा शेकत प्रत्येकाच्या कानाशी म्हणाला, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." चेष्टेने नाही, घरच्या वडीलधाऱ्याला सांगावं तसं.

आमचा डायनासोर तिथेच गोठ्याच्या कडेला उभा होता. मुनीब आत बसून तालीम करत होता. बन्सी दोन्ही बैलांचं करून त्याच्यापाशी आला, थोडा विचार केला आणि त्याच्याही खांद्यावर हळद-लोणी चोळलं.

"काका, काका, डाग!" सई धावली. "टेरिकॉटवरची हळद निघत नाही! आधीच्या सीनमध्ये डाग नाहीये!"

"आसू दे की," बन्सी म्हणाला. "त्याचा बी खांदा दुखत आसंल." आणि कानाशी वाकून म्हणाला, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

"शुक्रिया चाचा," आतून आवाज आला.

सई डाग पुसत बसली. तो आणखी पसरला.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

आजचं सगळं लिहून ठेवायला हवं.

सकाळी शेतात कॅमेरा लागला. औत आणलं. जाहेदा कासोटा खोचून तयार. अमेयने सवयीने "जरा हसा" म्हटलं. तेवढ्यात बांधावरून गोजरबाईंचा आवाज आला.

"ए, थांबा! औत कशाला काढलंय?"

सईने सांगितलं, शेवटचा सीन आहे, डायनासोरला जुंपायचं आहे.

"आज? पोळ्याला?" गोजरबाई औताच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. "आज कुनाच्या खांद्यावर जू ठेवत नसत्यात. आमच्या पंचक्रोशीत आसं कदी झालं नाय."

"पण तो बैल नाहीये काकू. डायनासोर आहे."

"राबतोय ना? तुज्या गोष्टीत त्यो शेतात राबतोय का नाय?"

"हो, पण..."

"मंग त्याचा बी पोळा. आन् काल माज्या नवऱ्यानं आवतण दिलंय त्याला. जेवायला बोलवलेल्याला औताला जुपता व्हय? शहरात आसंल तुमच्यात तसं."

अमेय हळूच म्हणाला, उद्या करू. मग त्यालाच आठवलं, उद्या सकाळी कॅमेरा मंडळाच्या गणपती आणायच्या मिरवणुकीला द्यायचा आहे. सई बांधावर बसली. मला म्हणाली, "झालं आई. शेवट नाही तर सिनेमा नाही." तिचा आवाज त्या पहिल्या दिवसासारखा होता. बैल मोकळे म्हणून जो दिवस निवडला, तोच नेमका हातातून गेला. मला फार अपराधी वाटलं, कारण तारखेला सगळ्यांत जोरात मान मीच डोलावली होती. कॉन्व्हेंटमध्ये ईस्टर कधी येतो ते आम्हाला शिकवलं, पोळ्याला काय करायचं नसतं ते नाही.

मुनीबने डायनासोरच्या पोटाखालून डोकं बाहेर काढलं. "अम्मी, दावत कितने बजे है?"

जाहेदा हसायला लागली. "सई, सुन. माझ्या मामूच्या गावातसुद्धा पोळ्याला बैलांना काम नसायचं. झूल घालायचे, खिलवायचे. बेटा, हे शास्त्रज्ञ जे येतात ना, त्यांना औत कशाला दाखवायचं? त्यांना हे दाखव ना. पूरा गाव जिसको जेवायला बोलवतं, त्याला कोण उचलून नेणार?"

सईने वर बघितलं. मग माझ्याकडे. मग गोजरबाईंकडे.

"काकू, त्याला मिरवणुकीत घ्याल?"

"घ्याल म्हंजी? आवतण दिलंय, घेतलाच पायजे." आणि लगेच काळजीत पडल्या, "पर त्याला शिंगं नायत. बाशिंग बांधू कुठं?"

बाशिंग शेवटी मानेला बांधलं. झूल आखूड पडली, म्हणून गोजरबाईंनी वर स्वतःची साडी टाकली. गळ्यात घुंगरमाळ, अंगावर गेरूचे ठिपके, खांद्यावर कालची हळद. बैलांच्या रांगेत तो मारुतीपुढे उभा राहिला. शेजारच्या बैलाने त्याला हुंगलं, पटलं असावं. तोरण तुटलं, पोळा फुटला, ढोल वाजायला लागले आणि मुनीब उजवा पाय ओढत, मधूनमधून मागे बघत, सगळ्या गावातून चालत गोजरबाईंच्या दारात आला. अमेय उलटा पळत शूट करत होता आणि एकदा शेणात बसला.

जाहेदाने त्याचे पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळी भरवली. तिने काम फार सुंदर केलं. आतून "और एक" असं ऐकू आलं, पण सई म्हणाली ते आवाजातून काढता येईल. मग तिने सगळ्या बायकांना रांगेत यायला सांगितलं. मीही ताट घेऊन उभी राहिले, गर्दी दिसावी म्हणून.

माझी पाळी आली. कुंकू लावलं, ओवाळलं. बाकीच्या बायका बैलाशी काहीबाही बोलत होत्या, म्हणजे मलाही बोलायला हवं होतं. मान खाली वाकली होती, ते मोठे चकित डोळे अगदी माझ्यासमोर. सिस्टर अॅग्नेसची सवय, मी डोळ्यांत बघितलं आणि म्हटलं, "थँक यू." मग वाटलं, एवढंसं कसं म्हणायचं? म्हणून म्हटलं, "पुष्कळ केलंत. आता बसा अहो निवांत."

मुनीब शहाणा मुलगा. त्याने पुढचे पाय दुमडले आणि डायनासोर दारात खाली बसला.

सई "कट" म्हणायचं विसरली. अमेय डोळे पुसत होता, सईसुद्धा. चुलीचा धूर त्या बाजूला जात होता.

परतताना जीपमध्ये जाहेदा माझा हात धरून बसली होती. म्हणाली, "विशू, जनावराला 'अहो' कोण म्हणतं गं?"

मी म्हटलं, "पाहुणा होता ना. आवतण दिलेला."

"हां," ती म्हणाली. "पाहुणा." आणि हात काही सोडला नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

अंग दुखतं आहे. सई सकाळपासून मोठमोठ्याने फोनवर बोलते आहे. ऐकायला बरं वाटतं.

९ नोव्हेंबर, रविवार

आज क्रांती चौकाजवळच्या एका छोट्या हॉलमध्ये आपल्या माणसांना सिनेमा दाखवला. पुण्याच्या महोत्सवाने तो घेतला आहे. सईने बंगळुरूची नोकरी सोडली. ते तिने मला भाजी निवडताना सांगितलं आणि मी "बरं" म्हणून मेथीच निवडत राहिले. नंतर पाहिलं तर पानं केरात आणि देठं पातेल्यात. गोजरबाई आणि बन्सी पिशोरहून जीप करून आले. गोजरबाई पहिल्या रांगेत बसून सगळ्यांना पुढे काय होणार ते सांगत होत्या.

अंधारात तो पडद्यावर आला. पहाटेचा हौद, गुळण्या, कावळे उडाले. लोक हसले, मीही हसले. मग फाटक. संध्याकाळची वेळ, तो नुसता बसला आहे, मान मागे वळवून घराकडे बघतो आहे, चष्म्याच्या काचांवर शेवटचं ऊन.

माझं हसू मध्येच थांबलं. उंटाची चाल नव्हती ती.

मी सईकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत नव्हती, माझ्याकडेच बघत होती. किती वेळ बघत होती कोण जाणे. मी तिच्या बाजूला थोडी सरकून बसले.

शेवटी तो दारात खाली बसला, दिवे लागले आणि गोजरबाई मागे वळून सगळ्या हॉलला म्हणाल्या, "साडी माजी हाय!"

१० नोव्हेंबर, सोमवार

सोफा हॉलमध्ये परत आला. सई म्हणाली, डायनासोर सोडवून बांबू परत देऊ. मी म्हटलं, डोक्यापासून खांद्यापर्यंतचा भाग राहू दे. तो आम्ही व्हरांड्यात ठेवला, ह्यांच्या वेताच्या खुर्चीशेजारी, तोंड फाटकाकडे. हळदीचा डाग अजून आहे. निघणार नाही. नकोच निघायला.

हे सकाळचा पेपर नेहमी संध्याकाळी वाचायचे, कारण दिवसभर तो माझ्याकडे असायचा. संध्याकाळी माझं शब्दकोडं सुटेपर्यंत हे फाटकाशी फुलझाडं बघत बसायचे.

आज पेपर आला. मी तो उघडला नाही. तसाच घडी घातलेला नेऊन आधी त्यांच्यापुढे ठेवला, आणि चहा टाकायला आत गेले.